नाना आचारी पुण्यात जेवायला जातात

माझा भोरला भांडी भाड्यानं देण्याचा धंदा. या धंद्यातली एक गोष्ट मला आजवर कळलेली नाही. लग्नाला पातेली जातात तेवढीच परत येतात, कधी एखादं कमीच. झाकणं मात्र वाढतात! कुणाची, कुठल्या मांडवातून आली, काही पत्ता नाही. गोडाऊनचा एक अख्खा कोपरा आता नुसत्या झाकणांचा आहे. नानांच्या किश्शांचं तसंच झालंय. जमवायला मी कधी गेलो नाही, पण हात घातला की एकेक निघतो.

नाना म्हणजे पासलीचे नाना आचारी. भोर आणि वेल्हे, दोन्ही तालुक्यांत गेली तीस वर्षं लग्नांचा स्वयंपाक त्यांचा. मांडवाकडं एकदा नजर टाकून 'साडेसातशे पान हुईल' म्हणतात आणि साडेसातशेच होतं. त्यांच्याबरोबर शांताक्का. चपात्या-भाकरीचं खातं त्यांचं. दहा बायका हाताखाली, आणि एकही कच्ची चपाती त्यांच्या नजरेतून सुटत नाही. भांडी माझी, टेम्पो माझा. असे आम्ही तिघं.

तर नानांच्या मुलीचं, सोनालीचं, लग्न ठरलं. ती पुण्यात नोकरीला, मुलगाही पुण्याचा. व्याही मोहनराव माणूस दिलदार, पण पट्टीचे खवय्ये. साखरपुड्याच्या दिवशीच म्हणाले, "नाना, जेवणाचं तेवढं आमच्यावर सोडा. आमचा ठरलेला केटरर आहे. हल्ली लोकांना व्हरायटी लागते हो!"

अर्ध्या तालुक्याच्या लग्नात जेवण घातलेल्या माणसानं स्वतःच्या लेकीच्या लग्नात झाऱ्याला हात लावायचा नाही! मला तर पाहुण्यांचा रागच आला. नाना मात्र शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, व्हरायटी म्हंजी काय काय, तेवढं सांगा. मला दोन म्हैने द्या. मग एक दिस तुमाला पासलीला जेवाय घालतो. आवडलं तर लग्नाचं जेवान माजं. न्हाई आवडलं तर तुमचा केटरर."

मोहनरावांना गंमत वाटली. त्यांनी पुण्यातल्या आपल्या आवडत्या हॉटेलांची यादीच व्हॉट्सॲपवर पाठवली. खाली लिहिलं होतं, 'आधी हे सगळं खाऊन या!'

मग काय, ज्या दिवशी लग्नाची तिथ नसेल त्या दिवशी आमचा टेम्पो पुण्याला.

* * *

पहिलं हॉटेल डोशाचं. सकाळी अकराची वेळ, खच्चून गर्दी. तीन मसाला डोसे आले. मी आणि शांताक्कांनी सुरुवात केली. नाना हात मांडीवर ठेवून गप्प. डोसा समोर, नजर हॉलभर.

"नाना, खावा की," शांताक्का म्हणाल्या.

"मानसं जेवत्यात अजून."

आता माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडं शेवटची पंगत उठल्याशिवाय आचारी घास घेत नाही. तीस वर्षांत नानांनी हा नेम मोडलेला नाही. पण हॉटेलात शेवटची पंगत कुठली? एक कुटुंब उठलं की दारात ताटकळलेलं दुसरं बसतं! नाना बघतायत, डोसा गार होतोय. वेटर दोनदा येऊन गेला. "काका, काही प्रॉब्लेम आहे का?"

नानांनी त्यालाच विचारलं, "ही पंगत उठती कवा?"

"रात्री अकराला, काका!"

शेवटी शांताक्कांनी तोड काढली. "नाना, हितं तुमी आचारी न्हाई, पाव्हणं हाय. तुमी जेवल्याबिगर त्यो आतला आचारी जेवायचा न्हाई. त्याचा तरी इचार करा!"

नानांनी दचकून आतल्या दाराकडं बघितलं आणि चार घासांत डोसा संपवला.

* * *

दुसऱ्या खेपेला चायनीज. हे हॉटेल छोटं, पण भटारखाना काचेच्या पलीकडं, सगळं दिसणारं. आत एक नेपाळी पोरगेला आचारी. डाव्या हातानं कढई उडवतोय, उजव्या हातानं मसाला टाकतोय, आणि जाळ त्याच्या कानापर्यंत! नाना खुर्चीवर टेकलेच नाहीत. काचेला नाक लावून उभे.

मालकानं बघितलं आणि काय वाटलं त्याला कोण जाणे, नानांना आत सोडलं. या दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. नानांनी हाताच्या खुणेनं विचारलं, त्यानं कढई उडवून उत्तर दिलं. नानांनी जाळाकडं बोट दाखवलं, त्यानं कोबीचा एक तुकडा त्यांच्या तोंडात घातला. वीस मिनिटं असं चाललं होतं. निघताना नानांनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. त्याच्या मनगटावर भाजल्याचे डाग होते, नानांच्या मनगटावर आहेत तसेच. टेम्पोत बसल्यावर म्हणाले, "वयानं लहान हाय, पर गुरू मानला म्या त्याला."

पण गुरू एका प्लेटचा आणि शिष्य आठशे पानांचा! भोरला माझ्या गोडाऊनच्या अंगणात नानांनी मोठी कढई चढवली, दहा किलो कोबी टाकला आणि दोघांच्या मदतीनं कढई उडवली. कढई खाली आली. कोबी आलाच नाही. तो पत्र्यावर! तिथून घरंगळत शेजारच्या अंगणात, आणि तिथं बांधलेली शेळी लगेच कामाला लागली.

शांताक्का कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "चला नाना, एक गिऱ्हाईक तरी पटलं!"

* * *

पिझ्झ्याच्या हॉटेलात भलताच थाट. मंद दिवे, हळू आवाजातलं संगीत, बोलायचं तर कुजबुजत. लाकडी पाटावर पिझ्झा आला. शांताक्कांनी तो एकदा डावीकडून बघितला, एकदा उजवीकडून बघितला आणि कुणाला काही कळायच्या आत उचलून उलथा केला!

चीज टेबलावर, टोमॅटो माझ्या शर्टावर. मॅनेजर धावत आला. "अहो मॅडम! हे काय केलंत?"

"खालनं भाजलीय का बघत व्हते," शांताक्का म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं. परातीतली प्रत्येक चपाती त्या उलटून बघतात, मग पिझ्झ्याला सूट का? चष्मा वर करून त्यांनी नीट तपासणी केली. "कुटं करपली न्हाई, कुटं कच्ची न्हाई. कुनी भाजली वो ही? बोलवा त्याला."

मॅनेजरला वाटलं, आता तक्रार. आतून एक तरुण मुलगी आली, पांढरा कोट, डोक्यावर टोपी, चेहरा घाबरलेला. शांताक्का उठून उभ्या राहिल्या. तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"माज्या हाताखाली धा बाया हायत पोरी. एकीला असं भाजाया येत न्हाई!"

त्या पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणाली, "आजी, इथं कुणी खालून बघतच नाही हो."

दुसरा पिझ्झा तिनं स्वतः आणून वाढला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

* * *

पंजाबी हॉटेलात नानांनी चार भाज्या मागवल्या. चारही चाखल्या आणि हसायलाच लागले.

"नावं चार, आय एकच!" केवढ्यानं बोलले! "ह्या चारींचा रस्सा एका पातेल्यातला हाय."

वेटर इकडं तिकडं बघत वाकला. "काका, जरा हळू बोला ना."

"आरं, नावं कशाला ठिवीन? लई हुशार मानूस हाय तुमचा आचारी! ही अक्कल मला तीस वर्सं सुचली न्हाई." आणि नानांनी तिथंच कागदी रुमालावर आठशे पानांच्या रश्श्याचं प्रमाण लिहून काढलं. रुमाल घडी करून खिशात. तो रुमाल अजून त्यांच्याकडं आहे.

* * *

थाळीच्या हॉटेलानं मात्र नाना सर्दच झाले. दोनशे माणसं जेवतायत आणि वाढप्यांचा आवाज म्हणून नाही! मधे उभा असलेला कॅप्टन फक्त बोटं नाचवतो. एक बोट, की डाळ येते. दोन बोटं, की भाजी. मूठ, की भात. आमच्या मांडवात 'ए भाजीऽऽ, ए मीठऽऽ' करून नानांचा घसा बसतो. नाना जेवायचे विसरले आणि त्या बोटांकडंच बघत बसले. "शिस्त बगा, शिस्त!" असं आम्हाला दहा वेळा म्हणाले.

पुढचं लग्न वेल्ह्यात होतं. नानांनी आदल्या दिवशी वाढप्यांना खुणा शिकवल्या. डाळ, भाजी, भात ठीक जमलं. मिठासाठी नानांनी करंगळी ठरवली. बारीक वस्तू, बारीक बोट.

पंगत बसली. मधोमध नाना. एका पानावर मीठ नाही असं त्यांना दिसलं. त्यांनी ऐटीत करंगळी वर केली. नेमका त्या पंगतीचा वाढपी आदल्या दिवशी गैरहजर. त्यानं नानांकडं बघितलं, हातातली बादली खाली ठेवली, जवळ आला आणि आदबीनं म्हणाला, "नाना, मांडवाच्या मागनं जावा. तकडं कुनी न्हाई."

* * *

यादीतलं शेवटचं म्हणजे मोठ्या हॉटेलातलं बुफे. काचेची दारं, गार हवा, पन्नास पदार्थ ओळीनं मांडलेले. नाना सगळीकडं फिरून आले, पण त्यांचा चेहरा उतरलेला. म्हणाले, "विलास, समदं हाय रं, पर वाढतंय कोन? आग्रह कोन करतंय?"

मी म्हटलं, "इथं ज्यानं त्यानं घ्यायचं, नाना."

नाना बसले, पण बसवेना. कोपऱ्यातल्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ एकटेच होते. त्यांच्या बशीत चमचाभर भात आणि एक पोळी. नानांनी ते तीनदा बघितलं. चौथ्यांदा उठले, दालचा मोठा डाव भरला आणि तरातरा त्यांच्याकडं गेले. "घ्या बाबा, घ्या! एवढ्यानं काय हुतंय? माज्यासाटी अजून एक डाव!"

मी डोळे मिटून घेतले. आता बाहेर काढणार आम्हाला!

डोळे उघडले तर म्हातारबाबा नानांकडं वर बघत हसत होते आणि बशी पुढं केलेली होती. मग शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "काका, इकडे पण!" बघता बघता नाना सगळ्या हॉलभर. 'ताई, लाजू नगा.' 'दादा, हात आखडू नगा.' लोक पोट धरून हसतायत आणि वाढून घेतायत. सुटाबुटातला मॅनेजर लांबून बघत होता. निघताना त्यानं नानांना गाठलं. "काका, नोकरी कराल आमच्याकडे?"

नाना म्हणाले, "म्या रिकामा न्हाई. म्या सद्या शिकतोय."

मला त्या दिवशी या माणसाबरोबर असल्याचा फार अभिमान वाटला.

* * *

त्याच दिवशी परतताना, सारोळ्याच्या अलीकडं, सोनालीचा फोन आला. नानांना मोबाईल कानाला धरायचा कंटाळा, स्पीकर नेहमी चालू. त्यामुळं आम्ही दोघांनीही ऐकलं.

"पप्पा, हे सगळं कशासाठी चाललंय?"

"तुज्या लग्नासाटी गं."

"मला दहावीला बक्षीस मिळालं, तेव्हा तुम्ही शाळेच्या मागं भजी तळत होतात. काकाच्या लग्नात मागं. साखरपुड्याचा अल्बम आलाय, बघा एकदा. दीडशे फोटो. तुम्ही फक्त एकात आहात, ते पण झारा घेऊन पाठमोरे! मला त्या दिवशी तुम्ही मांडवात पाहिजे, पप्पा. भट्टीपाशी नको."

नानांनी मोबाईल या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाले, "मला दुसरं येतंय काय, बाळ? लोक सोनं देत्यात, फ्लॅट देत्यात. माज्याकडं एवढं एकच हाय द्याया." आणि फोन ठेवून दिला.

शांताक्का खिडकीबाहेर बघत राहिल्या.

* * *

ठरल्या रविवारी मोहनराव पासलीला आले, बरोबर घरचे आठजण. नानांच्या घरापुढच्या अंगणात बसवलं त्यांना. नाना पहाटेपासून भट्टीवर. आधी डोसे, असे कुरकुरीत की मोडल्याचा आवाज ओट्यापर्यंत यायचा. मग नूडल्स. कढई न उडवता, झाऱ्यानं खालून वर घेत घेत नानांनी त्या केल्या आणि तरीही त्यांना तो जाळाचा वास होता! मग एका रश्श्यातल्या दोन भाज्या. शेवटी पासलीचा भात आणि साधं वरण, वर तूप. नाना प्रत्येकाच्या पानाशी वाकून वाढत होते.

मोहनरावांनी पान चाटूनपुसून स्वच्छ केलं. हात धुवून आले आणि सगळ्यांसमोर नानांपुढं हात जोडले.

"नाना, मी हरलो! पुण्यातली सगळी हॉटेलं एका अंगणात खाल्ली आज. आमच्या केटररनं तुमच्याकडं कांदा चिरायला यावं. लग्नाचं जेवण तुमचंच!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. शांताक्कांनी पदरानं डोळे पुसले. मी मनातल्या मनात आठशे ताटं मोजायलाही लागलो होतो.

नाना म्हणाले, "लई बरं वाटलं पाव्हणं. आता तुमचा केटरर बोलवा."

कुणाला काही कळेना. मोहनरावांना वाटलं, चेष्टा. "अहो, पण आम्हाला आवडलं की!"

"म्हून तर म्हनतोय. माजं द्यायचं हुतं ते दिऊन झालं," नाना म्हणाले आणि भट्टीतली लाकडं मागं ओढायला गेले.

सोनाली दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती तांब्या तसाच घेऊन आत निघून गेली.

* * *

लग्न सारोळ्याला, नदीच्या बाजूच्या कार्यालयात. केटरर पुण्याचा, भांडीही त्याचीच. नाना डोक्याला फेटा, अंगात नवा कोरा शर्ट, मांडवात उभे. सकाळपासून एकदाही भटारखान्याकडं फिरकले नाहीत. लोक येऊन विचारायचे, "नाना, आज हिकडं कसं?" नाना नुसते हसायचे. फक्त दोन्ही हातांचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं. खिशात घालायचे, बाहेर काढायचे, मागं बांधायचे.

मुहूर्त लागला. अंतरपाटाचं एक टोक माझ्या हातात, सोनालीच्या बाजूचं. तिच्या खांद्याशी नाना, मुठीत अक्षता. मंगलाष्टकं सुरू झाली.

तिसऱ्या मंगलाष्टकाला वाऱ्यानं तोंड फिरवलं आणि मला वास आला.

भात लागत होता. नुकताच, तळाशी. मांडवातल्या आठशे जणांना त्याचा पत्ताही नव्हता, पण आमचं आयुष्य त्या वासात गेलंय. त्याच वेळी झाकण काढून आच ओढली तर वाचतो. पाच मिनिटं गेली तर पातेलंच्या पातेलं जातं, मग त्याला कुणी काही करू शकत नाही. पुढच्या खुर्चीवर शांताक्का ताठ झाल्या. माझ्या हातात अंतरपाट, मी हलणार कसा? मी नानांकडं बघितलं.

नानांना तो वास माझ्याआधी आलेला होता. त्यांच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. उजवा पाय अर्धा उचलला गेला आणि परत खाली टेकला. शांताक्का उठल्या आणि पदर खोचून भटारखान्याकडं निघाल्या, पण त्यांचे गुडघे दुखरे, आणि मधे आठशे माणसं.

सोनालीची मान खाली होती. मुंडावळ्यांच्या आडून, ओठ न हलवता, ती हळूच म्हणाली, "पप्पा, भात लागतोय."

नाना समोर बघत राहिले.

"खरंच लागतोय, पप्पा. जावा तुमी. मी काय म्हननार न्हाई."

भटजींनी 'सावधान' म्हटलं. नानांनी मूठ उघडून लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या.

"लागू दे," नाना म्हणाले.